यकृताची शस्त्रक्रिया : आधीचे सहा आठवडे, नंतरचे तीन महिने

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार चालू असताना एखाद्या दिवशी डॉक्टर स्कॅनचा अहवाल पुढे ठेवतात आणि सांगतात, ‘यकृतावर दोन गाठी आहेत, केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करू.’ हे वाक्य ऐकताच कुटुंबाच्या पायांखालची जमीन सरकते. रोग पसरला, म्हणजे आता सारे संपले, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. तो सर्वस्वी खरा नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापुरताच पसरला असेल आणि गाठी पूर्णपणे काढता येण्याजोग्या असतील, तर शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनीही हयात असणाऱ्या रुग्णांचे प्रमाण मोठ्या केंद्रांत सुमारे ४० टक्के आढळते. काही जण रोगातून कायमचे मुक्तही होतात.

मात्र या यशाचा सगळा भार शल्यविशारदाच्या हातावर नसतो. शस्त्रक्रियेआधीचे सहा आठवडे आणि नंतरचे तीन महिने घराच्या हातात असतात. स्वयंपाकघर, रोजचे चालणे, पेढीची व्यवस्था आणि व्रत-नियमांचा विवेक या चारही गोष्टी उपचाराचाच भाग आहेत. जैन कुटुंबांत संयमाची आणि उपवासाची परंपरा बळकट असल्याने या काळाचे नियोजन अधिक विचारपूर्वक करावे लागते.

यकृत किती काढता येते?

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. बरगड्यांच्या आड, पोटाच्या उजव्या बाजूस ते वसलेले असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे थेट आतड्यांकडून येते. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी सर्वप्रथम यकृतात का अडकतात, याचे उत्तर याच वाटेत आहे.

फ्रेंच शल्यविशारद क्लोद कुइनो यांनी १९५०च्या दशकात यकृताचे आठ खंड दाखवून दिले. प्रत्येक खंडाचा रक्तपुरवठा आणि पित्तवाहिनी स्वतंत्र असते. त्यामुळे रोगग्रस्त खंड काढून बाकीचे यकृत कार्यरत ठेवता येते. यकृताची दुसरी देणगी म्हणजे त्याची पुन्हा वाढण्याची शक्ती. कापलेला भाग तसाच्या तसा पुन्हा उगवत नाही; उरलेला भाग आकाराने वाढतो आणि पूर्वीचे काम सांभाळू लागतो. ही वाढ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक वेगाने होते आणि पुढे काही महिने चालू राहते.

किती यकृत मागे राहिले पाहिजे, याचे ठोकताळे ठरलेले आहेत. निरोगी यकृताचा किमान २० ते २५ टक्के भाग उरावा लागतो. बरीच केमोथेरपी झालेली असल्यास सुमारे ३० टक्के, आणि यकृत आधीच कठीण झालेले असल्यास ४० टक्के भाग राखला जातो. सीटी स्कॅनवरून हे मोजमाप आधीच केले जाते. उरणारा भाग अपुरा वाटला, तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर बारीक नळीवाटे बंद करतात. जपानी शल्यविशारद मासातोशी माकुउची यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीमुळे रक्त दुसऱ्या बाजूकडे वळते आणि चार ते सहा आठवड्यांत ती बाजू वाढते. म्हणून डॉक्टर ‘आणखी महिनाभर थांबू’ म्हणतात, तेव्हा ती दिरंगाई आहे असे समजून रुग्णाला दुसरीकडे हलवण्याची घाई करू नये. थांबण्याचे कारण विचारावे, शंका असल्यास दुसऱ्या कर्करोग केंद्राचे मत घ्यावे आणि निर्णय एकदाच करावा.

केमोनंतरचा विसावा

आतड्याच्या कर्करोगात वापरली जाणारी औषधे गाठींप्रमाणेच यकृताच्या निरोगी भागावरही परिणाम करतात. ऑक्सॅलिप्लॅटिनने यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते; इरिनोटिकॅनने यकृतात चरबी साचून दाह होऊ शकतो. म्हणूनच शेवटचा डोस आणि शस्त्रक्रिया यांच्यात साधारणतः चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात. बेव्हासिझुमॅब हे औषध दिले असेल, तर जखम भरण्यास अडथळा येऊ नये म्हणून किमान पाच ते सहा आठवडे थांबतात.

या आठवड्यांत रुग्णाला नुसते झोपवून ठेवणे हितावह नाही. दररोज अर्धा तास चालणे, जिना चढणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे आणि तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा सराव, इतके केले तरी मोठी तयारी होते. दोन मजले न थांबता चढता येणे ही शस्त्रक्रियेसाठी हृदय-फुफ्फुसांची एक साधी, जुनी कसोटी आहे. हिमोग्लोबिन कमी असल्यास लोहाचे इंजेक्शन, मधुमेह असल्यास साखरेचे काटेकोर नियंत्रण आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत स्पष्ट सूचना याच काळात घ्याव्यात. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि मद्य यांपैकी काही असेल, तर ते निदानाच्या दिवसापासून बंद व्हावे.

याच काळात नातलग प्रेमापोटी काढे, चूर्णे आणि ‘लिव्हर टॉनिक’ सुचवतात. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असे यकृताच्या बाबतीत म्हणता येत नाही. करोनाकाळात, २०२०च्या अखेरीस, गुळवेलीचे सेवन केल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील तज्ज्ञांनी केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे. परंतु ज्याच्या यकृताचा मोठा भाग काढला जाणार आहे, त्याच्यावर प्रयोग करण्याचे कारण नाही. घरात जे काही घेतले जाते, त्याची यादी डॉक्टरांना द्यावी आणि त्यांनी सांगितलेलेच चालू ठेवावे.

ताटातील प्रथिनांचा हिशेब

शस्त्रक्रियेच्या काळात रुग्णाला दर किलो वजनामागे दररोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा आकडा ७२ ते ९० ग्रॅम होतो. सकाळी चहा-खाखरा, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, सूर्यास्तापूर्वी खिचडी, असा आपल्याकडचा नेहमीचा आहार असेल, तर प्रथिने ४० ग्रॅमच्या आसपासच भरतात. पोट भरते, पण जमेची बाजू निम्मीच राहते. उरलेली गरज शरीर स्वतःचे स्नायू झिजवून भागवते.

कंदमुळे न खाल्ल्याने यात काही उणे पडत नाही, कारण प्रथिने बटाट्यातून येत नाहीत. जैन आहारातच हा आकडा गाठता येतो. उदाहरणादाखल एक दिवस असा मांडता येईल. सकाळी २५० मिलिलिटर दूध, ८ ग्रॅम. ६० ग्रॅम मूगडाळीचे दोन धिरडे, १४ ग्रॅम. दुपारी एक वाटी घट्ट डाळ, ७ ग्रॅम. ७५ ग्रॅम पनीर, १३ ग्रॅम. तीन पोळ्या, १० ग्रॅम. चार वाजता ३० ग्रॅम फुटाणे, ६ ग्रॅम. सूर्यास्तापूर्वी ४० ग्रॅम मटकीची मोड न आणता केलेली उसळ, ९ ग्रॅम. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, ८ ग्रॅम. एकूण ७५ ग्रॅम. दही घ्यायचे असल्यास द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत ते डाळीबरोबर न घेता स्वतंत्र वेळी द्यावे. केमोनंतर तोंडाला चव नसते, तोंडात फोड आलेले असतात. अशा वेळी तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसा सहा लहान खाणी सोयीची पडतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असल्यास हा हिशेब आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावा.

घरातील स्त्री रुग्ण असेल, तर एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाण्याची तिची सवय वर्षानुवर्षांची असते. या काळात तिचे ताट पहिल्यांदा वाढले गेले पाहिजे आणि ते कोणीतरी रोज पाहिले पाहिजे. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. वजन उतरत असेल, तर ती माहिती डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, त्याआधी कळावी.

व्रत, पच्चक्खाण आणि आगार

यकृत रात्रीच्या उपाशी तासांत साठवलेली साखर रक्तात सोडून शरीर चालवते. आजारी यकृताचा साठा लवकर संपतो आणि मग स्नायू झिजू लागतात. चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणाऱ्या व्यक्तीचा हिवाळ्यातील निरन्न काळ असा असतो : सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त, सकाळी सातच्या सुमारास सूर्योदय, त्यानंतर ४८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ चौदा तास. निरोगी शरीराला हे सहज पेलते. शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्र याचा अर्थ असा होतो की सकाळी आठ वाजता टेबलावर गेलेल्या रुग्णाच्या पोटात चौदा तास पाण्याचा थेंबही गेलेला नसतो.

आधुनिक भूलशास्त्र इतका दीर्घ उपवास मागत नाही. सर्वसाधारण नियमानुसार घन आहार सहा तास आधीपर्यंत, तर पाण्यासारखी स्वच्छ पेये दोन तास आधीपर्यंत चालतात. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या शीघ्र-स्वास्थ्यलाभाच्या पद्धतीत अनावश्यक उपाशीपणा टाळणे हे एक प्रमुख सूत्र आहे. प्रत्येक रुग्णाची वेळ भूलतज्ज्ञ ठरवतात. त्यांना चौविहाराची कल्पना आधीच दिली, तर ते त्याप्रमाणे आखणी करू शकतात.

धर्मशास्त्राने या प्रसंगाचा विचार केलेला आहे. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणांत ‘आगार’ म्हणजे अपवादाच्या वाटा नियमाबरोबरच सांगितलेल्या असतात. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषधोपचारास मोकळीक देणारा आगार त्यांत आहे. नियम घेतानाच अपवाद नोंदवलेला असल्याने त्याचा उपयोग करणे हा व्रतभंग ठरत नाही. तरीही रुग्णाच्या मनाला अपराधाची टोचणी लागते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच साधू-साध्वींकडे जाऊन प्रश्न मोकळेपणाने मांडावा आणि त्यांच्या मार्गदर्शनाने किती दिवसांसाठी कोणती सवलत घ्यायची, हे ठरवावे. वर्षीतप चालू असेल किंवा पर्युषणात अठ्ठाईचा संकल्प असेल, तर ही भेट अधिकच निकडीची असते.

घरोघरी आणखी एक दृश्य दिसते. रुग्ण बरा व्हावा म्हणून घरचे आयंबिल करतात आणि त्यांना पाहून रुग्णही ताट बाजूला सारतो. घरच्यांनी अवश्य तप करावे, रुग्णाने जेवावे. त्याच्यासाठी स्वाध्याय, जप, क्षमापना आणि मौन या वाटा खुल्या आहेत. त्यांत प्रथिने खर्च होत नाहीत.

औषधांतील प्राणिज घटक

शस्त्रक्रियेनंतर पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिन गटातील इंजेक्शने देतात. कर्करोगाच्या रुग्णांना ती पुष्कळदा चार आठवड्यांपर्यंत घ्यावी लागतात. हेपरिन आणि एनॉक्सापॅरिन ही औषधे डुकराच्या आतड्यापासून तयार होतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे काही स्पंज आणि अनेक कॅप्सूलची आवरणे जिलेटिनची असतात. ही माहिती ऐनवेळी कळली, तर काही रुग्ण इंजेक्शन नाकारतात आणि फुप्फुसात गुठळी जाण्याचा जीवघेणा धोका पत्करतात.

हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा. फोंडापॅरिनक्स हे गुठळी रोखणारे औषध कृत्रिमरीत्या बनवलेले आहे. ते प्रत्येकाला चालतेच असे नाही, परंतु डॉक्टरांना पर्यायाचा विचार करण्यास वेळ मिळतो. जेथे पर्याय नसेल, तेथे आगाराचा विचार पुन्हा उपयोगी पडतो.

पेढीची व्यवस्था

व्यापारी घरात रुग्ण हाच पुष्कळदा पेढीचा कणा असतो. धनको बिचकतील, मुलांच्या सोयरिकींवर परिणाम होईल, या भीतीने आजार लपवला जातो आणि केमोच्या दुसऱ्या दिवशीही माणूस गादीवर बसतो. याची किंमत शरीर मोजते. आजाराची वाच्यता किती करायची, हे कुटुंबाने ठरवावे. पण व्यवस्था तरी करावी. धनादेशांवर सहीचा अधिकार, जीएसटीच्या तारखा, देणी-घेणी, गोदामाच्या किल्ल्या आणि संगणकाचे पासवर्ड किमान दोन महिन्यांसाठी एका विश्वासू व्यक्तीकडे सोपवावेत. आरोग्यविम्याची पूर्वमंजुरी, रक्तदाते आणि रुग्णाजवळ राहणाऱ्यांच्या पाळ्या यांची यादी भरती होण्याआधी तयार असावी. शस्त्रक्रिया मुंबईत असेल, तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी सोबतच्या नातलगांची सोय होऊ शकते का, याची चौकशी आधीच करावी.

शस्त्रक्रिया आणि पहिले पाच दिवस

यकृताची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून किंवा पोटावर मोठा छेद घेऊन होते. रक्तस्राव आवरण्यासाठी यकृताकडे येणारा रक्तप्रवाह ठरावीक मिनिटे थांबवून पुन्हा सोडला जातो. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८मध्ये वर्णन केलेली ही युक्ती आजही वापरात आहे.

त्यानंतर रुग्ण एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात राहतो. पोटातून निचऱ्याची नळी काढलेली असू शकते. दुसऱ्याच दिवशी त्याला खुर्चीत बसवतात, काही पावले चालवतात. नातलगांना हे निष्ठुर वाटते; प्रत्यक्षात न्यूमोनिया आणि गुठळ्या टाळण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे. वेदना लपवू नये. वेदनेमुळे खोल श्वास घेतला नाही, खोकला काढला नाही, तर कफ साचतो. वेदना सोसणे हे येथे तप ठरत नाही. मळमळ नसल्यास पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून तोंडाने पातळ आहार सुरू होतो.

रोजच्या रक्ततपासणीत बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा वेळ आणि फॉस्फेट पाहिले जाते. नव्या पेशी घडवताना यकृत फॉस्फेट वापरते, त्यामुळे त्याचे प्रमाण उतरते आणि ते शिरेतून भरून काढावे लागते. पाचव्या दिवसाच्या सुमारास बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेळ सुधारत असेल, तर उरलेले यकृत काम पेलत आहे, अशी खूण मिळते. रक्तस्राव, पित्तगळती, जंतुसंसर्ग आणि यकृताची कार्यशक्ती अपुरी पडणे हे यातील मुख्य धोके आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांची चर्चा झालेली असावी.

घरी आल्यावर

घरी आल्यावर सर्वाधिक जाणवतो तो थकवा. रक्ताचे अहवाल चांगले असूनही आंघोळ करून माणूस दमतो. हा आळस नव्हे. शरीर एक अवयव वाढवत असते. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालणे, दुपारी विश्रांती आणि प्रथिनांचा तोच हिशेब पुढे तीन महिने चालू ठेवावा. मोठा छेद असल्यास सहा आठवडे जड वस्तू उचलू नये. यात दुकानाचे शटर, धान्याचे पोते, पाण्याची कळशी आणि नातवंडही आले. जमिनीवर बसून सामायिक करण्याऐवजी खुर्चीवर बसून करावे. वारंवार वाकून खमासमण देणे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत थांबवावे. पेढीवर जायचे ते आधी दोन तासांसाठी, मग अर्ध्या दिवसासाठी. वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. साध्या पॅरासिटामॉलची मात्रादेखील डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. भेटीला येणाऱ्यांची गर्दी आणि त्यांच्यासाठी होणारा चहा-नाश्ता, दोन्ही आवरावेत.

पुढील लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा :

• १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप, थंडी वाजणे
• डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे
• असंबद्ध बोलणे, दिवसा अतिरिक्त झोप येणे
• पोट फुगणे, वेदना वाढत जाणे, सतत उलट्या
• जखमेतून पिवळा-हिरवा स्राव किंवा पू
• एका पायाला सूज, छातीत दुखणे, धाप लागणे

पुढची वाट

शस्त्रक्रियेने उपचार संपतातच असे नाही. अनेक रुग्णांना त्यानंतर उरलेली केमोथेरपी घ्यावी लागते आणि ती बहुधा चार ते आठ आठवड्यांत सुरू होते. ज्याचे वजन घसरले आहे आणि जो अंथरुणातून उठत नाही, त्याची केमो पुढे ढकलावी लागते. कधी ती देताच येत नाही. ताटात वाढलेल्या डाळीचे आणि गॅलरीत घातलेल्या फेऱ्यांचे मोल येथे कळते.

पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी आणि स्कॅन करून घ्यावा लागतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग पुन्हा डोके वर काढतो, हे वास्तव कुटुंबापासून दडवू नये. परंतु यकृत वाढलेले असेल आणि शरीर सशक्त असेल, तर योग्य रुग्णांत दुसऱ्यांदाही शस्त्रक्रिया करता येते. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये. पर्युषण, लग्नसराई किंवा दिवाळीचा हंगाम आड येत असेल, तर तारीख चार दिवस अलीकडे घ्यावी. रद्द करू नये.

रुग्ण बरा झाल्यावर पुढच्या चातुर्मासात कोणते तप करावे, हा प्रश्न घरात निघणारच. त्याचे उत्तर डॉक्टरांचा ताजा अहवाल आणि गुरूंचा सल्ला, दोन्ही समोर ठेवून द्यावे. सुरुवात नवकारशीपासून करता येते.